वऱ्हाडातला पाळणा आणि मुंबईतला कायदा

गर्भनिरोधनाचा हक्क नागरिकाला आहे, असे कलमात सांगणारा कायदा महाराष्ट्राच्या विधिमंडळाने आजवर केलेला नाही. या विषयावर ठराव आले, खटले चालले, विधेयकेही मंजूर झाली. पण कायद्याचा रोख आधी साधनांची माहिती देणाऱ्यावर होता आणि नंतर जास्त मुले असणाऱ्यावर. हक्काची भाषा फार उशिरा आली, आणि तीही विधिमंडळातून न येता न्यायालयातून आली. मुंबई-पुण्यातल्या वादांपासून दूर, यवतमाळ जिल्ह्यातल्या नेरसारख्या गावावरून पाहिले तर या इतिहासाचा क्रम अधिक स्पष्ट दिसतो, कारण अशा गावात कायदा पोहोचतो तो अखेरच्या रूपात: परिचारिकेच्या नोंदवहीत, शिबिराच्या तारखेत किंवा निवडणुकीच्या अर्जात.

नेर, म्हणजे जुन्या माणसांचे नेर-परसोपंत, अमरावतीहून नांदगाव खंडेश्वरमार्गे यवतमाळला जाणाऱ्या रस्त्यावर आहे. मुलूख कापसाचा. वऱ्हाड निजामाचा, पण १८५३ च्या तहाने त्याचा कारभार इंग्रजांकडे गेला. १९०३ मध्ये तो मध्य प्रांताला जोडला गेला आणि राजधानी नागपूर झाली. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात. त्यामुळे संततिनियमनाची मराठीतली पहिली लढाई मुंबईत झाली तेव्हा नेर त्या प्रांतात नव्हतेच. पुस्तके आणि मासिके मात्र प्रांतांच्या सीमा ओळखत नव्हती, आणि भारतीय दंडविधान दोन्हीकडे सारखेच होते.

त्या दंडविधानाच्या, म्हणजे १८६० च्या कायद्याच्या, ३१२ व्या कलमाने गर्भपात हा गुन्हा ठरवला. स्त्रीचा जीव वाचवण्यासाठी केलेला गर्भपात तेवढा वगळला होता. गर्भ राहू नये म्हणून काय करावे याबद्दल कायदा गप्प होता, कारण तेव्हा खात्रीची साधनेच नव्हती. अंगावर पाजणे लांबवायचे, बाळंतपणानंतर माहेरी जास्त दिवस राहायचे, आणि दिवस गेलेच तर सुईणीच्या जडीबुटीवर भरवसा ठेवायचा, एवढेच बाईच्या हाती होते. यात सगळ्यात जास्त भरडली जाई ती विधवा. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले ते याच कारणाने. सुरतेच्या एका विधवेला भ्रूणहत्येबद्दल शिक्षा झाल्यावर वर्तमानपत्रांनी साऱ्या स्त्रीजातीवर तोंडसुख घेतले. त्याला १८८२ मध्ये 'स्त्रीपुरुषतुलना' या पुस्तकाने उत्तर दिले ते वऱ्हाडातल्याच बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी. ताराबाईंच्या पुस्तकात गर्भनिरोधक साधनांचा विषय नाही. पण मूल होण्याचे सगळे परिणाम बाईने भोगायचे आणि पुरुषाला कोणी जाब विचारायचा नाही, हा जो सवाल त्यांनी टाकला, त्याच्याशी पुढच्या प्रत्येक कायद्याला गाठ घालावी लागली.

त्याच वर्षी १४ जानेवारीला रघुनाथ धोंडो कर्वे यांचा जन्म झाला. महर्षी कर्व्यांचे हे चिरंजीव गणिताचे प्राध्यापक. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचे केंद्र उघडले तेही याच वर्षी. 'संततिनियमन : आचार व विचार' हे त्यांचे पुस्तक १९२३ चे. हा उद्योग पसंत नसल्यामुळे विल्सन महाविद्यालयातली नोकरी त्यांना सोडावी लागली. पत्नी मालतीबाईंनी संसाराचा भार उचलला. मूल नको असे दोघांनी ठरवले होते आणि रघुनाथरावांनी स्वतः नसबंदी करून घेतली. पुढे देशभर जी शस्त्रक्रिया पुरुषांवर लादली गेली, ती स्वेच्छेने करून घेणाऱ्या पहिल्या मराठी पुरुषांपैकी ते होते.

जुलै १९२७ मध्ये त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक काढले. १४ ऑक्टोबर १९५३ ला ते वारले आणि त्याच वर्षी अंक थांबला. मधल्या सव्वीस वर्षांत त्यांनी संततिनियमन हा विषय लोकसंख्येच्या आकड्यांत कधी अडकू दिला नाही. बाईला किती मुले हवीत आणि हवीत की नकोत हे तिने ठरवावे, शरीरसुखावर तिचाही पुरुषाइतकाच हक्क आहे, हे ते पुन्हा पुन्हा लिहीत राहिले. हक्काचा मुद्दा इतक्या निखळपणे नंतरच्या कोणत्याही सरकारी दस्तऐवजात सापडत नाही. कादंबरीकार ना. सी. फडकेही त्या काळी संततिनियमनाचे पुरस्कर्ते होते. १९२७ मधल्या त्यांच्या इंग्रजी पुस्तकाला मार्गारेट सँगर यांची प्रस्तावना होती. सोलापूरला डॉ. ए. पी. पिल्ले यांनी केंद्र चालवले. पण फडके आणि पिल्ले यांच्या मांडणीत सुप्रजननाचा, म्हणजे 'चांगली' प्रजा निपजवण्याचा सूर मोठा होता. कर्व्यांचा भर व्यक्तीवर राहिला.

साधने विकण्यावर किंवा वापरण्यावर हिंदुस्थानात बंदी नव्हती. अमेरिकेत १८७३ च्या कॉमस्टॉक कायद्याने गर्भनिरोधक साधने टपालाने पाठवणेसुद्धा गुन्हा केले होते, तसे इथे काही नव्हते. इथे अंकुश होता तो दंडविधानाच्या २९२ व्या कलमाचा, म्हणजे अश्लीलतेचा. कर्व्यांवर याच कलमाखाली खटले झाले. 'व्यभिचाराचा प्रश्न' या लेखाबद्दल १९३१ मध्ये त्यांना शंभर रुपये दंड झाला. १९३४ च्या दुसऱ्या खटल्यात वाचकांच्या प्रश्नांना दिलेली उत्तरे अश्लील ठरवण्यात आली. त्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. लैंगिक विषयावरचे प्रत्येक लिखाण अश्लील नसते आणि लोक अडचणी विचारतात तेव्हा जाणकाराने उत्तर देणे हा गुन्हा होत नाही, असा त्यांच्या बचावाचा गाभा होता. न्यायाधीशांना तो पटला नाही. दंड झाला दोनशे रुपये. साधन बाजारात मिळत होते, पण ते कसे वापरायचे हे छापले की कोर्टाची पायरी, अशी ही कायद्याची तऱ्हा होती.

संततिनियमनाचा वाद विदर्भात आला तो वर्ध्याच्या वाटेने. डिसेंबर १९३५ मध्ये मार्गारेट सँगर हिंदुस्थानात आल्या आणि वर्ध्याला जाऊन गांधीजींना भेटल्या. वर्धा जिल्हा यवतमाळला लागूनच आहे. दोघांचे बोलणे दोन दिवस चालले. बाईला नको असलेले मूल तिच्यावर लादले जाऊ नये, हे गांधीजींना मान्य होते, पण त्यांचा उपाय संयमाचा होता. नवऱ्याला 'नाही' म्हणायला बाईने शिकावे, असे त्यांचे म्हणणे. साधनांना त्यांनी संमती दिली नाही. महिन्यातले सुरक्षित दिवस पाळण्याला त्यांनी फार तर कमी विरोध केला. गांधीजींच्या या भूमिकेमुळे काँग्रेसमधल्या अनेकांनी हा विषय बरीच वर्षे हातात घेतला नाही.

तो विधिमंडळात नेला आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने. १० नोव्हेंबर १९३८ ला मुंबई विधानसभेत पक्षाचे सदस्य पी. जे. रोहम यांनी ठराव मांडला. सरकारने जनतेत संततिनियमनाचा जोरदार प्रचार करावा आणि त्यासाठी पुरेशा सोयी पुरवाव्यात, एवढीच मागणी होती. त्या दिवशी आंबेडकर सभागृहात नव्हते. त्यांनी तयार केलेले भाषण रोहम यांनी वाचले. वारंवारच्या बाळंतपणांनी खालावणारी बाईची प्रकृती आणि गरिबाच्या घरातली ओढाताण हे त्यातले मुद्दे होते. ठराव मोठ्या मताधिक्याने फेटाळला गेला. तो मंजूर झाला असता तरी नेरला लागू झाला नसता, कारण वऱ्हाडाचे विधिमंडळ तेव्हा नागपूरला होते. या ठरावात सक्तीचा एक शब्द नव्हता. सोय पुरवणे हे सरकारचे काम आणि वापरणे हा माणसाचा निर्णय, अशी त्याची विभागणी होती. महाराष्ट्राच्या संसदीय इतिहासात गर्भनिरोधनाच्या हक्काच्या सगळ्यात जवळ गेलेला दस्तऐवज हाच म्हणावा लागतो.

स्वातंत्र्यानंतर वारे फिरले. १९४९ मध्ये मुंबईत भारतीय कुटुंब नियोजन संघटना स्थापन झाली. धनवंती रामराव तिच्या पहिल्या अध्यक्ष होत्या आणि आवाबाई वाडिया यांनी ती पुढे अनेक वर्षे चालवली. १९५२ मध्ये या विषयावरची आंतरराष्ट्रीय परिषद मुंबईतच भरली. पहिल्या पंचवार्षिक योजनेत सरकारने कुटुंब नियोजन हाती घेतले. जगात असा राष्ट्रीय कार्यक्रम घेणारा भारत हा पहिला देश. पुण्यात १९३० च्या दशकापासून हे काम करणाऱ्या शकुंतला परांजपे १९५८ ते १९६४ विधान परिषदेत होत्या, नंतर राज्यसभेत गेल्या. गंमत अशी, की सरकार एका हाताने प्रचार करत असताना दुसऱ्या हाताने १९५४ चा औषधे व जादूटोणा उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा करत होते. स्त्रीच्या गर्भधारणेला प्रतिबंध करणाऱ्या औषधाची जाहिरात करायची नाही, असे त्याच्या तिसऱ्या कलमात आहे. ते कलम आजही पुस्तकात आहे.

नेरपर्यंत हा कार्यक्रम खऱ्या अर्थाने पोहोचला तो जिल्हा परिषदा आल्यावर. १ मे १९६२ पासून प्राथमिक आरोग्य केंद्रे, शाळा आणि ग्रामसेवक एकाच छत्राखाली आले. पुढच्या वर्षाच्या अखेरीस मुख्यमंत्रिपद यवतमाळ जिल्ह्यातल्याच पुसदच्या वसंतराव नाईकांकडे गेले आणि ते १९७५ च्या फेब्रुवारीपर्यंत त्यांच्याकडे राहिले. भिंतीवर कुटुंब नियोजनाचा लाल त्रिकोण आला. १९६५ मध्ये गर्भाशयात बसवायची लूप आली, १९६८ मध्ये सरकारी अनुदानाचा निरोध, तीन नग पंधरा पैशांना. मुंबईत डॉ. डी. एन. पै यांनी रेल्वे स्थानकांवर नसबंदीची केंद्रे थाटली. खेड्यात शिबिरे भरू लागली. लूप बसवल्यावर रक्तस्राव झाला, पाठपुराव्याला कोणी आले नाही, म्हणून बायका ती काढून घेऊ लागल्या आणि यंत्रणेचा सगळा जोर शस्त्रक्रियेवर गेला. शस्त्रक्रिया एकदा झाली की झाली. तिची मोजदाद करता येते, आणि सरकारी यंत्रणेला मोजता येणारी गोष्ट नेहमीच प्रिय असते. इथूनच नसबंदीसाठी मिळालेल्या माणसाला लावलेला 'केस' हा शब्द आरोग्य केंद्रातून शाळेच्या खोलीत आणि तलाठ्याच्या चावडीत शिरला. वर्षाचे उद्दिष्ट ३१ मार्चला संपे. त्यामुळे कापसाची वेचणी उरकली की जानेवारीपासून गुरुजी, ग्रामसेवक आणि परिचारिका केस शोधत वाड्यावस्त्यांवर फिरू लागत.

आणीबाणीत या यंत्रणेला कायद्याची काठी देण्याचा प्रयत्न झाला. केंद्रीय आरोग्यमंत्री करणसिंग यांनी १६ एप्रिल १९७६ ला राष्ट्रीय लोकसंख्या धोरण जाहीर केले. सक्तीच्या नसबंदीचा केंद्रीय कायदा करण्याची वेळ आलेली नाही, पण एखाद्या राज्याच्या विधिमंडळाला तसे वाटत असेल तर त्याने तो करावा, असे त्या धोरणात होते. १ मेपासून शस्त्रक्रियेचा मोबदला वाढला: दोन किंवा कमी मुले असतील तर १५० रुपये, तीन असतील तर १००, चार किंवा जास्त असतील तर ७०. सक्तीच्या कायद्याचे दार उघडल्यावर त्यातून आत शिरणारे पहिले राज्य महाराष्ट्र होते. शंकरराव चव्हाण मुख्यमंत्री असताना 'महाराष्ट्र कुटुंब (आकारमर्यादा) विधेयक, १९७६' मांडले गेले, संयुक्त समितीकडे गेले आणि दोन्ही सभागृहांत मंजूर झाले.

विधेयकाची रचना बारकाईने पाहण्यासारखी आहे. तीन मुले हयात असलेल्या पंचावन्न वर्षांखालच्या पुरुषाने आणि पंचेचाळीस वर्षांखालच्या बाईने ठरलेल्या मुदतीत नसबंदी करून घेतली पाहिजे; तिसरे मूल झाल्यावर मुदत १८० दिवसांची. तिन्ही मुले एकाच लिंगाची असतील तर चौथ्याची सवलत. न करणाऱ्याला तुरुंगवास. एकाच लिंगाच्या मुलांची सवलत कागदावर दोन्ही बाजूंना सारखी होती, पण तीन मुलगे झाल्यावर मुलीसाठी थांबणारी घरे वऱ्हाडात किंवा कुठेही किती सापडली असती हे सांगायला नको. मुलगाच हवा या हट्टाला कायद्याने आपल्या पोटात जागा करून दिली होती. साधने, सल्ला, दोन मुलांतले अंतर यांबद्दल नागरिकाला काय मिळेल, याचे आश्वासन त्यात नव्हते. १९३८ च्या ठरावात बंधन सरकारवर होते. अडतीस वर्षांनी ते उलटून घराच्या उंबऱ्यात आले.

विधेयक राष्ट्रपतींच्या संमतीसाठी दिल्लीला गेले आणि तिथेच अडले. संमती मिळाली नाही आणि जानेवारी १९७७ मध्ये निवडणुका जाहीर झाल्यावर विषयच मिटला. त्यामुळे जगाच्या लोकसंख्या-इतिहासात ज्याचा उल्लेख सक्तीच्या नसबंदीचा पहिला मंजूर कायदा म्हणून होतो, तो अमलात एक दिवसही आला नाही. त्याच सुमारास बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने 'लोकसंख्या नियंत्रण व कुटुंब नियोजन' हा विषय समवर्ती सूचीत २०-अ म्हणून घातला. तो ३ जानेवारी १९७७ पासून लागू आहे. आज राज्याला किंवा केंद्राला या विषयावर सक्तीचा किंवा हक्काचा, कोणताही कायदा करायचा तर अधिकार याच नोंदीतून येतो.

कायदा आला नाही म्हणून सक्ती थांबली असे झाले नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीतून १९७६ च्या जानेवारीतच माणसे धरून नेऊन शस्त्रक्रिया केल्याच्या तक्रारी आल्या होत्या. १९७६-७७ या एका वर्षात देशात सुमारे ८२ लाख ६० हजार नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. आदल्या वर्षीचा आकडा २७ लाखांच्या आत होता. महाराष्ट्रात आठ लाखांहून अधिक झाल्या, उद्दिष्टाच्या पलीकडे. आणीबाणीची चौकशी करणाऱ्या शाह आयोगाने १९७८ मध्ये हा सगळा कारभार नोंदवला. कोणाचा पगार अडला, कोणाची बढती, आणि कुणी कुणाला केस म्हणून पुढे केले, याचे कागद त्यात आहेत. १९७७ च्या निवडणुकीत उत्तर भारतात सक्तीच्या रागाने काँग्रेसचा पार धुव्वा उडाला. विदर्भातल्या बहुतेक जागा मात्र काँग्रेसने राखल्या. इथला शेतकरी नसबंदीवर खूश होता असा याचा अर्थ काढणे भाबडेपणाचे ठरेल. राजकारणाची जुनी घडी इथे घट्ट होती, एवढेच म्हणता येते.

१९७६-७७ मधल्या दर चार शस्त्रक्रियांपैकी तीन पुरुषांवरच्या होत्या. पुढच्या वर्षी एकूण शस्त्रक्रिया साडेनऊ लाखांच्या आसपास घसरल्या आणि त्यांत पुरुषांवरच्या दोन लाखही नव्हत्या. पुरुष गेला तो परत आलाच नाही. कार्यक्रमाचे नाव 'कुटुंब नियोजन' बदलून 'कुटुंब कल्याण' झाले, सक्ती गेली, उद्दिष्ट मात्र राहिले आणि ते बायकांनी पुरे करायचे ठरले. दुर्बिणीची शस्त्रक्रिया नेमकी याच सुमारास आली. तिचा दिवस ठरलेला असे. बाईने सकाळपासून उपाशी यायचे, रक्त-लघवी तपासायची, कागदावर सही किंवा अंगठा द्यायचा. पोटात हवा भरून बेंबीजवळच्या छोट्या छेदातून दुर्बीण आत घालायची आणि दोन्ही बीजवाहिन्यांवर रबरी कडी बसवायची. काम काही मिनिटांचे. ओळीने सतरंज्यांवर निजवलेल्या बायका संध्याकाळी जीपमधून गावी परत. आठवड्याने टाके काढायला परिचारिका घरी येई. पुरुषांची शस्त्रक्रिया याहून सोपी आहे. ती जागा बधिर करून होते, पोट उघडावे लागत नाही, फक्त नंतर तीन महिने निरोध वापरावा लागतो. तरी 'कमजोरी येते, वखर-डवरा कोण हाणणार' हे उत्तर ठरलेले. कापूस वेचायला, निंदायला बाईच वाकते, हा हिशेब त्या उत्तरात धरलेला नसतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, महाराष्ट्रातल्या विवाहित स्त्रियांपैकी जवळपास निम्म्यांची नसबंदी झालेली आढळली. पुरुष नसबंदीचा आकडा एक टक्क्याच्याही खाली होता. एकूण जननदर १.७ वर आलेला होता. तांबी, गोळ्या, निरोध ही पाळणा लांबवण्याची साधने अजून मागेच आहेत. बहुतेक घरांत पाळणा एकदम थांबवला जातो, आणि तोही बाई ऐन तरुण असताना.

गर्भनिरोधन फसले तर काय, या प्रश्नाला कायद्याने हक्काच्या प्रश्नाआधी उत्तर दिले, हे विशेष. १९६४ मध्ये केंद्राने नेमलेल्या समितीचे अध्यक्ष महाराष्ट्राचे मंत्री शांतिलाल शहा होते. त्या समितीच्या अहवालावरून १९७१ चा वैद्यकीय गर्भपात कायदा झाला आणि १ एप्रिल १९७२ पासून लागू झाला. नवराबायकोने वापरलेले साधन निकामी ठरल्याने राहिलेला गर्भ हे गर्भपाताचे वैध कारण त्यात मानले गेले. सवलत मात्र विवाहितेपुरती होती. २०२१ च्या दुरुस्तीने 'नवरा' जाऊन 'जोडीदार' आला. तरीही हा कायदा डॉक्टरला शिक्षेपासून वाचवणारा आहे. बाईने मागितले म्हणून मिळाले, असे त्यात कुठेच नाही.

१९९६ पासून केंद्राने वरून उद्दिष्टे लादणे सोडले. कैरोच्या १९९४ च्या लोकसंख्या परिषदेचा तो परिणाम. हक्काची भाषा आली त्यानंतरच्या निकालांतून. रमाकांत राय खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये नसबंदी करणाऱ्या डॉक्टरांची यादी, संमतिपत्र आणि भरपाई यांची घडी घालून दिली. सुचिता श्रीवास्तव खटल्यात २००९ मध्ये मूल होऊ द्यायचे की नाही हा निर्णय घटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदातल्या व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग ठरला, आणि गर्भनिरोधक पद्धत निवडणे त्यातच येते असे न्यायालयाने म्हटले. छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळ नोव्हेंबर २०१४ च्या शिबिरात काही तासांत ८३ बायकांवर शस्त्रक्रिया झाल्या आणि १३ जणी दगावल्या. देविका बिस्वास खटल्यात १४ सप्टेंबर २०१६ ला अशी शिबिरे तीन वर्षांत बंद करण्याचा आदेश झाला. मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षी, तुरुंगातल्या स्त्रियांच्या संदर्भात, आपल्या शरीराबद्दलचा निर्णय बाईचाच आहे हे स्पष्ट केले. २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने अविवाहितेलाही गर्भपाताच्या बाबतीत विवाहितेच्या बरोबरीला आणले. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनुसार नसबंदीला जोडीदाराची संमती लागत नाही. तरी प्रत्यक्षात 'मालकाची सही आण' असे बाईला अजून ऐकावे लागते.

अमेरिकेत निकालानंतर कायदेही आले. तिथे १९६५ च्या ग्रिसवोल्ड निकालाने विवाहितांचा गर्भनिरोधनाचा हक्क मान्य झाला. २०२२ मध्ये गर्भपाताचा हक्क देणारा जुना निकाल रद्द झाला, तेव्हा पुढची पाळी गर्भनिरोधनाची अशी भीती निर्माण झाली आणि निकालावर विसंबून न राहता काही राज्यांनी गर्भनिरोधनाच्या हक्काचे कायदे केले. भारतात निकाल आहेत. त्यांच्या मागे उभा राहणारा कायदा ना संसदेने केला, ना राज्याने.

राज्याने जे कायदे केले ते मुलांच्या संख्येचे. ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद आणि नगर परिषद यांच्या कायद्यांत दुरुस्ती करून दोनपेक्षा जास्त मुले असलेल्यांना निवडणुकीस अपात्र ठरवले गेले. दुरुस्ती झाल्यावर पहिल्या वर्षात झालेले मूल माफ होते, म्हणून १२ सप्टेंबर २००१ ही तारीख गावोगावच्या राजकारणात तोंडपाठ झाली. एक मूल असताना पुढच्या बाळंतपणात जुळे झाले तर ते एकच धरायचे, अशी सूटही आहे. मूल दत्तक देऊन अपात्रता टळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ओडिशाच्या एका प्रकरणात सांगितले. सरकारी नोकरीसाठी लहान कुटुंबाच्या प्रतिज्ञापनाचे नियम २००५ मध्ये आले. २८ मार्च २००६ नंतरच्या तिसऱ्या मुलामुळे नोकरी हुकते. राखीव जागांमुळे नुकत्याच सरपंचपदापर्यंत पोहोचलेल्या बायकांना, विशेषतः दलित आणि आदिवासी घरांतल्या, या कलमाचा फटका बसला. घरात किती मुले व्हावीत हे ज्यांच्या हाती कधीच नव्हते, त्यांच्यावरच त्याचा दंड पडला. मध्य प्रदेश, हरियाणा, हिमाचल प्रदेश आणि छत्तीसगड यांनी असा नियम मागेच काढून टाकला. आंध्र प्रदेशने तो २०२४ मध्ये काढला. महाराष्ट्राने ठेवला आहे, आणि नेर नगर परिषदेच्या निवडणुकीत उभे राहणाऱ्याच्या अर्जाची छाननी आजही मुलांच्या जन्मतारखा पाहून होते.